टिल्ली आणि भलतं बटण

एक होती पाल. अगदी इतकुशी. आईच्या करंगळीएवढी. नाव तिचं टिल्ली.

टिल्ली राहायची रेवाच्या घरात. पुढच्या खोलीत. भिंतीवरच्या जुन्या दिव्यामागे.

रेवा कोण? रेवा म्हणजे तुझ्याएवढीच एक मुलगी. थोडी हट्टी. पण तुझ्याइतकी नाही.

संध्याकाळ झाली की आई दिवा लावायची. टिक. दिव्यापाशी किडे यायचे. भुण भुण भुण. टिल्ली हळूच जीभ काढायची. गट्टम. झालं तिचं जेवण.

जेवण झालं की टिल्ली खुशीत म्हणायची, चुक चुक चुक.

आणि पाल चुकचुकली की रेवाची आई काय करायची? "कृष्ण कृष्ण" म्हणायची, आणि जवळ जे असेल त्यावर बोटानं वाजवायची. टक. टक. टक.

पोळपाटावर टक टक टक. दारावर टक टक टक. एकदा तर बाबांच्या टकलावर टक टक टक. बाबांनी टक्कल चोळलं.

आई असं का करायची? तिची आई तसंच करायची, म्हणून.

एक दिवस घरी गेनूकाका आले. गेनूकाका म्हणजे वायरमन. कानावर पेन्सिल, खांद्यावर वायरचं भेंडोळं.

काकांनी भिंतीवरचा जुना दिवा काढला. छताला नवा पंखा टांगला. पंख्याशेजारी नवा दिवा बसवला. खाली भिंतीवर नवा बोर्ड. बोर्डावर दोन बटणं. एक दिव्याचं. एक पंख्याचं.

दिव्याच्या बटणातून निघाली लाल वायर. पंख्याच्या बटणातून निघाली पिवळी वायर. दोघी सरळ वर गेल्या. लाल वायरनं जायचं दिव्याकडे. पिवळीनं जायचं पंख्याकडे. सोपं आहे की नाही?

पण खाली उभी होती रेवा.

"काका, झाला दिवा?"

"झालाच, बाळा."

"काका, झाला दिवा?"

"झालाच."

"काका, झाला दिवा?"

या गडबडीत लाल वायर गेली पंख्याला. पिवळी वायर गेली दिव्याला. कोणाच्या लक्षात आलं नाही. लावून बघावं, तर दुपारभर वीजच नव्हती.

काकांनी घोडा अंगणात नेऊन ठेवला. घोडा म्हणजे टपटप पळणारा नाही हं. वायरमन ज्यावर चढतात, तो घोडा. लाकडाचा, चार पायांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. मग काका दाराबाहेरच्या ओट्यावर बसले आणि उरलेली वायर गुंडाळू लागले.

संध्याकाळ झाली. वीज आली. आईनं रेवाला कडेवर घेतलं आणि दिव्याचं बटण दाबलं. टिक.

दिवा लागला का? नाही.

पंखा फिरला. भर्र भर्र भर्र.

थंडीचे दिवस होते. आईला भरली हुडहुडी. रेवाला आली शिंक. टिल्ली छताला घट्ट चिकटून राहिली, नाहीतर उडालीच असती. आईनं पटकन बटण बंद केलं.

"काका, दिवा लागत नाही हो," आई म्हणाली. पंखा फिरला, हे सांगायचं राहूनच गेलं.

आणि पंख्याचं बटण? ते कोणी दाबलंच नाही. थंडीत पंखा कोणाला हवा?

खोलीत काळोख झाला. रेवानं भोकाड पसरलं. भ्यां.

टिल्लीला तर भूक लागली होती. पण दिवा नाही, म्हणून किडा नाही. किडा नाही, म्हणून जेवण नाही. स्वयंपाकघरात दिवा होता, पण तो थोरल्या पालीचा. टिल्लीनं तिथे पाऊल टाकलं की थोरली पाल डोळे वटारायची.

आता टिल्ली काय करणार?

सरसर सरसर टिल्ली निघाली. नव्या दिव्यापाशी आली.

"दिव्या दिव्या, लाग की. किडा येईना, माझ्या पोटात काही जाईना."

दिवा म्हणाला, "मी नाही लागत. लाल वायर माझ्याकडे आलीच नाही. वायर वळू दे, मग लागेन."

सरसर सरसर टिल्ली निघाली. लाल वायरपाशी आली.

"वायरताई वायरताई, वळ की. दिवा लागेना, किडा येईना, माझ्या पोटात काही जाईना."

वायर म्हणाली, "मी नाही वळत. मला बांधलंय पंख्याच्या गळ्यात. आपली आपण कशी सुटू? काका चढू देत, मग वळेन."

सरसर सरसर टिल्ली निघाली. ओट्यावर आली. गेनूकाका वायर गुंडाळत होते.

"काका काका, चढा की. वायर वळेना, दिवा लागेना, किडा येईना, माझ्या पोटात काही जाईना."

काका म्हणाले, "मी नाही चढत. तुझ्यासारखं भिंतीवरून जाता येतं का मला? घोडा येऊ दे, मग चढेन."

सरसर सरसर टिल्ली निघाली. अंगणात आली. घोडा चार पाय फाकून उभा होता.

"घोड्या घोड्या, हल की. काका चढेनात, वायर वळेना, दिवा लागेना, किडा येईना, माझ्या पोटात काही जाईना."

घोडा हळूच म्हणाला, "शू. मी नाही हलत. माझ्या डोक्यावर मांजर निजलंय. हललो तर ते पडेल. पडलं तर मलाच ओरबाडेल. मांजर उतरू दे, मग हलेन."

आता आली का पंचाईत? मांजराशी बोलायचं. तेही पालीनं.

टिल्लीचं काळीज धडधडलं. पण पोट त्याहून जोरात गुरगुरलं. ती घोड्याजवळच्या भिंतीवर चढली. सरसर सरसर. अगदी उंच.

"माऊ माऊ, उतर की. घोडा हलेना, काका चढेनात, वायर वळेना, दिवा लागेना, किडा येईना, माझ्या पोटात काही जाईना."

मांजरानं एक डोळा उघडला. "नीट ऐकू नाही आलं. जरा जवळ ये."

"मी इथूनच बरी," टिल्ली म्हणाली.

मांजरानं मिशा झटकल्या. "मग मी नाही उतरत. खाली फरशी गार. वाटीत काही नाही. दूध तापू दे, मग उतरेन."

सरसर सरसर टिल्ली पळाली. जरा जास्तच जोरात पळाली. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आली. आत नाही गेली. नुसतं डोकं घातलं. थोरल्या पालीनं डोळे वटारले, पण डोक्याला काही बोलली नाही.

गॅसवर पातेलं होतं. पातेल्यात दूध होतं.

"दुधा दुधा, ताप की. मांजर उतरेना, घोडा हलेना, काका चढेनात, वायर वळेना, दिवा लागेना, किडा येईना, माझ्या पोटात काही जाईना."

दूध सायीखालून म्हणालं, "मी नाही तापत. गॅस कोण लावणार? आई येऊ दे, मग तापेन."

सरसर सरसर टिल्ली निघाली. परत पुढच्या खोलीत आली. काळोखात आई उभी होती. कडेवर रेवा. रेवाचं चालूच होतं. भ्यां.

"रेवाच्या आई, रेवाच्या आई, या की. दूध तापेना, मांजर उतरेना, घोडा हलेना, काका चढेनात, वायर वळेना, दिवा लागेना, किडा येईना, माझ्या पोटात काही जाईना."

आई म्हणाली, "मी नाही येत. येऊ कशी? खाली ठेवलं की ही आणखी रडते. रेवा हसू दे, मग येईन."

आता राहिली रेवा. टिल्ली आली तिच्यासमोर. नाकासमोर. नाक वाहत होतं, म्हणून जरा बाजूला.

"रेवा रेवा, हस की. आई येईना, दूध तापेना, मांजर उतरेना, घोडा हलेना, काका चढेनात, वायर वळेना, दिवा लागेना, किडा येईना, माझ्या पोटात काही जाईना."

रेवा म्हणाली, "मी नाही हसत. मला नवा दिवा हवा. नवा दिवा लागू दे, मग हसेन. भ्यां."

घ्या. म्हणजे परत दिवाच.

टिल्ली सगळीकडे फिरली आणि निघाली होती तिथेच येऊन पोचली. आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नाही. पाय दुखले. शेपूट दुखली. पोट तर पार पाठीला लागलं. टिल्लीला फार वाईट वाटलं.

तिला रडावंसं वाटलं. पण पालींना रडता येत नाही. त्यांना येतं फक्त चुकचुकायला.

टिल्ली बोर्डाच्या वर भिंतीला चिकटून बसली. आणि बारीक आवाजात म्हणाली,

चुक.

चुक.

चुक.

पाल चुकचुकली की आई काय करते? आठवतंय ना?

"कृष्ण कृष्ण," आई म्हणाली. रेवाला सांभाळता सांभाळता तिनं बोट पुढं केलं. जवळ पोळपाट नव्हता. दार नव्हतं. बाबांचं टक्कलही नव्हतं, ते अजून कामावरून यायचे होते. जवळ होता बोर्ड. बोर्डावर होतं पंख्याचं बटण.

टक.

आणि दिवा लागला. लख्ख.

आईचं बोट तसंच राहिलं. पुढचे दोन टक करायचेच राहिले.

रेवानं वर पाहिलं. अर्धं भ्यां तोंडातच थांबलं. मग ती हसली. खुदुखुदु हसली. "दिवा. माझा नवा दिवा."

हुश्श, आई म्हणाली.

हुश्श, टिल्ली म्हणाली.

दिव्यापाशी एक किडा आला. भुण भुण भुण. टिल्ली छतावर पोचली. तिनं हळूच जीभ काढली. इतक्यात…

थांब, थांब. किड्याचं मग सांगते. आधी बाकीच्यांचं बघू.

रेवा हसली, म्हणून आईनं तिला खाली ठेवलं. आई स्वयंपाकघरात आली.

आई आली, म्हणून गॅस लागला. फुस्स. दूध तापलं. आईनं मांजराच्या वाटीत ओतलं. वास गेला थेट अंगणात.

दूध तापलं, म्हणून मांजर उतरलं. धप्प. टिल्लीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लपलप लपलप.

मांजर उतरलं, म्हणून घोडा हलला. खडखड खडखड. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून पुढच्या खोलीत.

घोड्याच्या मागोमाग गेनूकाका आले. त्यांनी वर बघितलं. दिवा लागलेला. खाली बघितलं. पंख्याचं बटण दाबलेलं.

"अरेच्चा," काका म्हणाले. "पंख्याच्या बटणावर दिवा?"

"आणि मघाशी दिव्याच्या बटणावर पंखा फिरला," आई आतून म्हणाली.

"ताई, हे आधी नाही का सांगायचं?"

"राहूनच गेलं बघा."

काकांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे लाल वायर पंख्याला लावली मी. पिवळी दिव्याला. आता वर चढायलाच हवं. पण आधी मेन बंद."

मेन म्हणजे सगळ्या घराचं मोठं बटण. ते बंद केल्याशिवाय काका वायरला हात लावत नाहीत. काकासुद्धा लावत नाहीत, मग आपण तर नाहीच नाही.

खटाक.

पुन्हा काळोख. पुढच्या खोलीत काळोख, स्वयंपाकघरात काळोख. "कोणी घालवला माझा दिवा?" थोरली पाल ओरडली.

आणि तो किडा? टिल्लीची जीभ बाहेर. किडा अगदी जिभेच्या टोकापाशी. आणि काळोख. किडा गेला निघून.

टिल्लीनं रिकामी जीभ आत घेतली. फार वाईट चव लागली.

रेवानं तोंड उघडलं. मोठं उघडलं. भ्यां येणार, इतक्यात आई म्हणाली, "अगं, बॅटरी कोण धरणार? काकांना दिसायला हवं ना."

रेवानं तोंड मिटलं. बॅटरी धरली. दोन्ही हातांनी धरली. आणि या वेळी एकदाही विचारलं नाही, झाला का, झाला का.

काका चढले. एक पायरी, आणखी एक पायरी, सगळ्यात वरची पायरी. वायर सोडली. लाल वायर पंख्यापासून दिव्याकडे वळवली. पिवळी वायर दिव्यापासून पंख्याकडे वळवली. घट्ट पिळलं. वर टेप गुंडाळली. टिल्ली अगदी जवळून बघत होती. मान इकडे, मान तिकडे. या वेळी तिनं नीट लक्ष ठेवलं.

काका उतरले. आईनं पंख्याचं बटण बंद केलं. मग काकांनी मेन चालू केलं. खटाक.

"आता दाबा, ताई. दिव्याचंच बटण दाबा."

आईनं पंख्याचं बटण बंद केलं. मग दिव्याचं बटण शोधलं. नीट बघितलं. रेवानंही बघितलं. टिल्लीनं डोळे गच्च… नाही, पालींना डोळे मिटता येत नाहीत. उघड्याच डोळ्यांनी तिनं वाट बघितली.

टिक.

दिवा लागला. लख्ख. पंखा? गप्प. जागचा हलला नाही.

रेवा टाळ्या पिटत नाचली. काकांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. मांजरानं रिकामी वाटीसुद्धा चाटली.

मग दिव्यापाशी कोण आलं?

भुण भुण भुण.

मघाचाच किडा. त्यालाही उजेड आवडतो ना. एकटा नाही आला. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला, एक तर चांगला गुबगुबीत होता.

रेवा हसली, आई आली, दूध तापलं, मांजर उतरलं, घोडा हलला, काका चढले, वायर वळली, दिवा लागला, किडा आला, आणि टिल्लीच्या पोटात गेला.

गट्टम.

गट्टम.

गट्टम.

गुबगुबीत किडा शेवटी. गट्टम.

किती बरं वाटलं टिल्लीला. पोट टम्म. पाय दुखायचे थांबले. शेपूट दुखायची थांबली. नव्या दिव्यामागे जागाही छान होती. उबदार होती. टिल्लीनं तिथेच अंग टाकलं आणि खुशीत म्हणाली, चुक चुक चुक.

"कृष्ण कृष्ण," आई म्हणाली. "अगं बाई, माझे मघाचे दोन टक राहिलेत." आणि तिनं बोट पुढं केलं.

"ताई, बोर्डावर नको," काका घाईघाईनं म्हणाले.

आई हसली. बोट वळलं. ते रेवाच्या नाकावर गेलं.

टक. टक.

टिल्ली निजली. रेवा निजली. पंखा तर उन्हाळ्यापर्यंत निजला.

आता आपणही निजायचं. चल, आपला दिवा मालव बघू. कुठलं बटण?

नीट बघून दाब हं.